झाकणाखालचे फासे

माझी अक्षरओळख पत्रकांवर झाली. घरात पुस्तकं नव्हती असं नाही, पण ती कपाटात असायची आणि पत्रकं जमिनीवर. बाबा बँकेत होते आणि कर्मचारी संघटनेचं लिहायचं काम त्यांच्याकडे असे. छापखान्यातून गठ्ठा आला की घडी घालायला मी बसायचे. मधोमध एक घडी, मग आडवी दुसरी, नखाने दाबून. मथळा वर आला पाहिजे, ही बाबांची एकच अट. आई सांगते की मी आयुष्यात वाचलेला पहिला शब्द ‘निषेध’ आहे. दुसरीत असताना आठवड्यातून तीनदा होणाऱ्या दुधीच्या भाजीविरुद्ध मी एक पत्रक लिहून फ्रिजवर चिकटवलं होतं. आईने ते वाचलं, शुद्धलेखनाच्या दोन चुका दुरुस्त केल्या आणि संध्याकाळी दुधीच केला.

रविवारी सकाळी बाबा मला रामघाटावर न्यायचे. नदीत कपडे टाकू नका, निर्माल्य सोडू नका, अशी हिंदी पत्रकं आम्ही पायऱ्यांवर वाटायचो. पंडे ती घेत, नीट वाचत, मान डोलावत, आणि दुपारपर्यंत त्याच कागदात यजमानांना कुंकवाच्या पुड्या बांधून देत. मला संताप यायचा. बाबा म्हणायचे, "पुडी सोडताना तरी वाचतील की."

हे आधी सांगितलं म्हणजे मागच्या वर्षी मी जे केलं ते निदान कुठून आलं हे कळेल. चार माणसं मिळून खेळतात अशा एका खेळाविरुद्ध मी पत्रक छापून आणलं. त्या चार माणसांत मी स्वतःही होते.

खेळ जुना आहे, परदेशी आहे, आणि आमच्याकडे त्याच्या नियमपुस्तकाची झेरॉक्स आहे. माझ्या मैत्रिणीचा चुलतभाऊ इंदूरच्या वसतिगृहात असताना ती घेऊन आला. त्याला आम्ही दोघी दादा म्हणतो. टावर चौकात त्यांचं चष्म्यांचं दुकान आहे, दादा आता तिथेच बसतो. दुकानावरच्या खोलीत रिकाम्या फ्रेमच्या खोक्यांमध्ये एक टेबल आहे, आणि रविवारी दुपारी दुकान बंद असलं की आम्ही तिथे जमतो. मैत्रीण आणि मी पहिलीपासून एका बाकावरच्या.

खेळाला पट नाही, सोंगट्या नाहीत. भविष्यातला काळ आहे, ताऱ्यांमधून जहाजं फिरतात. प्रत्येकाने एकेक माणूस व्हायचं आणि एकाने पंच. पंच सांगतो की समोर काय आहे, आपण सांगायचं की आपला माणूस काय करतो. जमेल की नाही अशी शंका आली की दोन फासे टाकायचे. बेरजेत आपल्या माणसाचं त्या कामातलं कसब मिळवायचं, एक किंवा दोन किंवा तीन. आठ किंवा वर गेलं तर जमलं, नाहीतर नाही. आमची पंच कायम मैत्रीणच. तिने त्या पुसट इंग्रजी झेरॉक्सवरून सगळे नियम मराठीत उतरवून काढले होते, हिरव्या शाईने.

आमच्या फाशांपैकी एक पांढरा, माझ्या सापशिडीतला. दुसरा लाल, थोडा मोठा, कार्तिक मेळ्यातून आणलेला. दोन फासे छत्तीस तऱ्हांनी पडतात. त्यातल्या पंधरा तऱ्हांत आठ किंवा वर येतं. कसबाचा एक गुण हाताशी असला की पंधराच्या एकवीस होतात, दोन असले की सव्वीस. हे मी पहिल्याच आठवड्यात कागदावर मांडून पाहिलं आणि मला फार आनंद झाला. माणूस जितकं शिकला तितकी त्याची बाजू भक्कम होते, पण खात्री कोणालाच नाही. फाशाला आडनाव सांगता येत नाही. फाशाला कोणाच्या मामाचा फोन जात नाही. मी तोवर शिक्षक भरतीच्या रांगा पाहिल्या होत्या, मुलाखतीच्या खोलीबाहेर कोण कोणाला ओळखतं हे पाहिलं होतं. मला हा खेळ जहाजांसाठी कधीच आवडला नाही. तो मला फाशांसाठी आवडला.

यात माणूस घडवायची पद्धतही कडक आहे. खेळ सुरू व्हायच्या आधी त्याचं मागचं आयुष्य फाशांवर काढायचं. चार चार वर्षांची नोकरी, आणि दर चार वर्षांनी तो वाचला का, याचे दोन फासे. नाही वाचला तर खेळाआधीच संपला. माझी पहिली दोन माणसं अशीच गेली. दादा म्हणाला, "जन्माला यायच्या आधीच तेरावं. हिच्या घराण्यातच दोष आहे." तिसरी टिकली. जहाजावर इंजिनं सांभाळणारी बाई, वय बेचाळीस, यंत्रांचं कसब दोन. गुडघा दुखणारी, कोणाचं न ऐकणारी. तीन वर्षं मी दर रविवारी ती बाई होते.

आता झाकणाचं सांगते, कारण भांडण त्यावरूनच झालं. काही फासे पंचाने झाकून टाकायचे असतात. म्हणजे समजा, माझ्या बाईने गळणारा पाइप जोडला. तो खरंच जोडला गेला की नुसता वाटतोय, हे तिला तेव्हाच कळणार नाही. मग ते मलाही कळता कामा नये. मैत्रिणीची आई आमच्यासाठी डब्यात चिवडा द्यायची, त्या डब्याचं स्टीलचं झाकण मैत्रीण उपडं घालायची, आत फासे खुळखुळवायची, एक कड उचलून एकटीच बघायची आणि निळ्या वहीत काहीतरी लिहायची. मग म्हणायची, "जोडला गेला. वाटतंय तरी तसं." तीन वर्षं मला त्यात काही गैर वाटलं नाही.

मग पुण्याची आली.

तिची बँकेत बदली होऊन ती इथे आली होती आणि माधव नगरात खोली घेऊन राहत होती. चष्म्याचा नंबर काढायला दुकानात आली, काउंटरवर दादाकडून राहिलेली झेरॉक्स तिला दिसली, आणि ती म्हणाली की हा खेळ मी पुण्यात चार वर्षं खेळले आहे. पुढच्या रविवारी ती वर होती. आमच्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी. खिडकीजवळच्या वेताच्या स्टुलावर बसली. ते माझं स्टूल होतं. त्यावर नाव लिहिलेलं नव्हतं हे मान्य, पण तीन वर्षं मी तिथेच बसत होते, कारण तिथून मैत्रिणीचा हात लागतो.

दुसऱ्या रविवारी मैत्रीण तिला ताई म्हणायला लागली. तिसऱ्या रविवारी, "अहो-जाहो नको गं करूस," असं ती म्हणाली म्हणून ‘ताई, तू’ झालं. मी तिला तुम्ही म्हणत राहिले. मला आदर दाखवायचा नव्हता.

एकदा जिना चढताना मी खालूनच ओरडले, "येऊन राहिली गं." वर गेले तर ती हसत होती. "किती गोड. येऊन राहिली म्हणजे मुक्कामालाच आली का?" ती वाईट हेतूने बोलली नव्हती. आम्ही इथे असंच बोलतो, माझ्या आजोबांपासून सगळे असंच बोलत आलेत. पण मैत्रीणही हसली. आणि पुढच्या आठवड्यात तिचा फोन आला तेव्हा ती म्हणाली, "मी येते आहे." मी विचारलं, "काय?" ती परत म्हणाली, "येते आहे." लहानपणापासून जी मुलगी येऊन राहायची ती आता येत होती.

कचोरी आणताना आता एक बिनतिखटाची वेगळी यायची. मैत्रीण ती स्वतः कागदावरून उचलून तिच्या ताटलीत ठेवायची. मलाही तिखट सोसत नाही. मला तसं कधी सांगावंसंच वाटलं नव्हतं.

आणि खेळ. पुण्याची जहाजाची वाटाडी होती, कसब तीन. पण ती फासे टाकायचीच नाही. समोर पहारेकरी आला की ती विचारायची, याचा गणवेश कसा आहे, बूट झिजलेत का, जेवलाय का हा. मैत्रीण सांगत जायची, तिचे डोळे चमकत जायचे, आणि पाच मिनिटांनी पुण्याची म्हणायची, "मग मी याला म्हणते की तुमची पाळी तर मघाशीच संपली, बदलीवाला अजून आला नाही का?" मैत्रीण टेबलावर थाप मारायची. "टाकायची गरजच नाही, ताई. गेलीस तू आत."

मी म्हटलं, "म्हणजे? फासा नाही?"

"शंकाच नाही ना उरली यार. शंका असेल तर फासा."

"आणि माझ्या बाईला मघाशी दार उघडायला फासा का होता?"

"कारण तू म्हणालीस, दार उघडते. बस, एवढंच म्हणालीस."

दादा म्हणाला, "तू पण विचार ना, दार जेवलंय का."

सगळे हसले. मी पण हसले असेन. पण माझ्या मनात एकच शब्द होता, आणि तो आमच्या घरातला शब्द होता: वशिला. मी सव्वीस तऱ्हांवर जगायचं, आणि हिने गोड बोलून छत्तीसच्या छत्तीस न्यायच्या.

त्याच दुपारी पुण्याचीने धुक्यातून जहाज काढायचं ठरवलं. वाट बरोबर आहे का, हे वाटाड्याला आधी कळत नाही, म्हणून झाकण. मैत्रिणीने फासे खुळखुळवले, कड उचलली, आणि पुण्याचीकडे बघून हसली. दोन बोटांत ओठ दाबून, शाळेत ती माझ्याकडे बघून हसायची तसं. मग वहीत लिहिलं. मी ते हसू घेऊन घरी गेले. माझी खात्री झाली होती की झाकणाखाली जे पडतं ते सांगितलं जात नाही, ताईला सोयीचं ते सांगितलं जातं.

पत्रकाला मला एक तास लागला. ‘खेळाडू बंधू-भगिनींनो’ अशी सुरुवात होती. फासा म्हणजे काय, त्याच्यापुढे सगळे सारखे कसे, आणि जे झाकून केलं जातं त्यात अन्याय कसा शिरतो. दोन मागण्या. पहिली, शंका असो वा नसो, प्रत्येक कामाला प्रत्येकाने फासा टाकावा. दुसरी, झाकण बंद. फासे उघड्यावर पडावेत, आणि आजवरच्या झाकलेल्या फाशांची वही सर्वांसमोर वाचली जावी.

बाबा प्रत्येक मसुदा वाचतात, अजूनही. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी वाचला. "कोणाविरुद्ध आहे हे?"

"पद्धतीविरुद्ध."

"मग ‘नुकत्याच बाहेरून आलेल्यांना मिळणारी वागणूक’ हे कशाला?"

मी टोपण लावलेलं पेन परत उघडलं.

"पद्धतीविरुद्ध असेल तर ते वाक्य काढ. आणि त्या वाक्यासाठीच लिहिलं असेल तर बाकीचं सगळं काढ."

मी ते वाक्य काढलं. बाकीचं ठेवलं.

माधव नगरातला छापखानेवाला मला लहानपणापासून ओळखतो. तो आता लग्नपत्रिकाच छापतो. मराठी त्याला अर्धवट कळतं. "बेटा, ये पासे-वासे का क्या चक्कर है? सट्टे का मामला तो नहीं?"

"नहीं अंकल, सिद्धांत का मामला है."

"फिर तो सौ से कम मत छपवाओ."

तर शंभर प्रती आल्या, पण लग्नसराईमुळे मध्ये दोन रविवार गेले. रविवारी सगळे बसल्यावर मी प्रत्येकासमोर एकेक ठेवली, दोन घड्या घातलेली, मथळा वर.

दादाने उघडली. "बंधू म्हणजे मी एकटाच. आभारी आहे." पुढे वाचत गेला. पुण्याचीने सगळं वाचलं, कागद परत घडीवर दुमडला आणि म्हणाली, "दुसरी मागणी तत्त्वाला धरून आहे. पुण्यात काही जण सगळं उघडंच टाकतात." तिचा पाठिंबा मला मुळीच नको होता.

मैत्रिणीने सगळ्यात हळू वाचलं. "हे तू छापून आणलंस?"

"हो."

"मला नुसतं विचारलं असतंस तर?"

"ही वैयक्तिक गोष्ट नाही आहे."

मग तिने निळी वही दोन्ही हातांखाली ओढून घेतली. "वही घरी घेऊन जा. एकटी वाच. मग बोलू."

"सगळ्यांसमोर, असं लिहिलंय त्यात."

"ऐक ना माझं."

"का? कोणाचं काही लपवायचंय का?" मी पुण्याचीकडे वळले. "तुम्हीच वाचा ना. तुमची तर हरकत नसेल."

मैत्रिणीने हात उचलले. वही टेबलावरून सरकवली, माझ्याकडे न बघता.

पुण्याचीने शेवटून सुरुवात केली. प्रत्येक ओळीत दोन रकाने होते, हिरव्या शाईत: पडलं, सांगितलं. "वाटाडी, धुकं. पडलं दोन. सांगितलं, वाट बरोबर वाटतेय. खरं म्हणजे चुकली." ती हसली. "अच्छा, तरीच आपण दोन रविवार भरकटून राहिलो." आमचा शब्द तिच्या तोंडी आला होता, कोणाच्या लक्षात आलं नाही. मला मात्र ते हसू आठवलं, ओठ दाबलेलं. दोन पडले म्हणून ती हसली होती. ताईला चकवायला मिळालं म्हणून.

"वाटाडी, संदेश उलगडणे. पडलं चार. चुकीचा अर्थ सांगितला." "वाटाडी, दुर्बीण. पडलं नऊ. बरोबर सांगितलं." तिच्या सगळ्या ओळी अशा होत्या. जे पडलं तसं झालं.

मग ती मागच्या पानांवर गेली. "इंजिनवाली, गळती. पडलं चार. सांगितलं, बुजली. बुजलीच." ती थांबली.

"चार अधिक दोन सहा," दादा सवयीने म्हणाला, आणि मग त्याने चिवड्याचा डबा उगाच जवळ ओढला.

"पुढे वाचू का?" पुण्याचीने मला विचारलं.

"वाचा."

"इंजिनवाली, वीजवाहिनी. पडलं पाच. सांगितलं, चालू झाली. झालीच." "इंजिनवाली, अवकाशपोशाखाची शिवण. पडलं तीन. सांगितलं, नीट आहे." ती सपाट आवाजात वाचत होती, बँकेत फॉर्म वाचून दाखवतात तसं, आणि मला कळत होतं की ती माझ्यावर उपकार म्हणून तसं वाचतेय. सात ठिकाणी असं होतं. सातही माझी. फाशांचं ऐकलं असतं तर माझी बाई दोन वर्षांपूर्वीच मेली होती.

"कधीपासून?" मी विचारलं.

"तारीख आहे की तिथे," मैत्रीण म्हणाली. "शिक्षक भरतीची यादी लागली त्याच्यानंतरचा रविवार. तुझं नाव नव्हतं. तू इथे बसली होतीस, काही बोलत नव्हतीस, फक्त म्हणालीस, पाइप जोडते. चार पडले. तुला आणखी एक ‘नाही’ कोण सांगणार? मी नाही सांगू शकले."

"आणि मग?"

"मग सवय लागली."

लाज वाटली, हे सांगायलाच नको. ज्या वशिल्याविरुद्ध मी शंभर पत्रकं छापली तो माझाच निघाला. पण मला खरं लिहायचं असेल तर हेही लिहायला हवं की लाज दुसऱ्या नंबरवर होती. पहिल्या नंबरवर तीच जुनी आग होती, फक्त आणखी वाढलेली. मैत्रिणीने पुण्याचीला दोन पडले तर दोनच दिले होते, चार पडले तर चार. तिला वाटलं होतं की हिला खरं सोसेल. हिला चकवता येईल, ही हसेल, परत वाट शोधेल. मला मात्र तिने सांभाळलं होतं, ताप आलेल्या मुलाला औषध साखरेत घालून देतात तसं. स्टूल गेलं, कचोरी गेली, बोलणंही गेलं, ते मी मोजत बसले होते. खरे आकडे आधीपासून पुण्याचीकडे होते, हे मला माहीतच नव्हतं.

मी उठले आणि जिना उतरले. कोणी थांबवलं नाही.

घरी बाबा वर्तमानपत्र वाचत होते. "वाटलंस पत्रक?"

"वाटलं."

"मग?"

"मागण्या मान्य झाल्या."

"मग तोंड असं का?" त्यांनी हात पुढे केला. त्यांच्या फाइलमध्ये प्रत्येक पत्रकाची एक प्रत असते, जिंकलेल्याही आणि हरलेल्याही. ही त्यांनी कुठे लावली ते मी विचारलं नाही.

आठवडाभर मैत्रिणीचा फोन आला नाही. मीही केला नाही. दोनदा टावर चौकातून जाताना दुकानात डोकावले, दादा कोणाला तरी भिंतीवरची अक्षरं वाचायला लावत होता. रविवारी दुपारी मी गेले, कारण न जाणं म्हणजे पळणं झालं असतं. उरलेली पत्रकं पिशवीत होती. ती घरात बघवत नव्हती.

पुण्याची वेताच्या स्टुलावर नव्हती. ती खोक्यावर बसली होती आणि स्टूल रिकामं होतं. मी दुसऱ्या खोक्यावर बसले. झाकण टेबलावर नव्हतं. मैत्रिणीने मागण्या खरंच मान्य केल्या होत्या. प्रत्येक कामाला फासा, आणि प्रत्येक फासा उघड्यावर.

पाऊण तासात खेळ मरायला टेकला. जिना चढायला फासा, हाक मारायला फासा. मग दादाने दुर्बिणीतून समोरचं जहाज पाहिलं. सगळ्यांसमोर तीन पडले. मैत्रीण म्हणाली, "ते जहाज रिकामं दिसतंय."

दादा डोकं खाजवत बसला. "आता मला कळलंय की दुर्बीण खोटं सांगतेय. पण माझ्या माणसाला ते कळलेलं नाही. मतलब, मी घाबरू की नको?"

"तू ठरव," मैत्रीण म्हणाली. आवाजात काहीच नव्हतं.

शेवटी दादाच्या माणसाने न घाबरायचं ठरवलं. समोरच्या जहाजातून गोळा आला, आमचा संदेशांचा खांब तुटला, आणि तो बाहेर जाऊन जोडायला एकच माणूस होता. माझी बाई. बाहेर जायचं म्हणजे अवकाशपोशाख. तोच, तीन पडलेल्या शिवणीचा. सगळ्यांना ते आठवलं असावं.

"तू राहू दे," पुण्याची मला म्हणाली. "खांबाशिवायही जाता येईल, मी वाट काढते."

"नाही. ती जाईल. तिचं कामच आहे ते."

मैत्रिणीने फासे हातात घेतले. मी म्हटलं, "झाकून टाक."

"मागणी क्रमांक दोन," ती म्हणाली.

"मागे घेते. शिवण सुटलीये हे बाईला बाहेर गेल्याशिवाय कसं कळेल?" मग जे म्हणायला मी जिना चढून आले होते ते म्हटलं. "फक्त एक. जे पडेल ते होऊ दे. ताईला देतेस तसं मला पण दे."

तिला ताई मी पहिल्यांदाच म्हटलं. गोड वाटलं नाही तोंडाला.

"झाकण घरी आहे," मैत्रीण म्हणाली. "आईने त्यात मेतकूट ठेवलंय."

पुण्याचीने पिशवीतून आपला बँकेचा डबा काढला, झाकण रुमालाने पुसलं आणि टेबलावर ठेवलं. मला ते झाकण नको होतं. मी ते उचलून मैत्रिणीच्या हातात दिलं.

फासे खुळखुळले. तिने कड उचलली. मी तिच्या तोंडाकडे बघत होते, तीन वर्षांत कधी बघितलं नव्हतं तसं. ती हसली नाही. तिने झाकण परत ठेवलं, वही उघडली, पहिल्या रकान्यात लिहिलं, आणि पेन दुसऱ्या रकान्यावर थांबलं. बराच वेळ थांबलं. मी काही बोलले नाही. बोलले असते तर तोही वशिलाच झाला असता.

मग तिने लिहिलं आणि वही मिटली. "बाहेर पडलीस. दोरी लावलीस. खांबापर्यंत पोचलीस. पहिला बोल्ट लागला, दुसरा लागला. आणि डाव्या खांद्यापाशी तुला गार वाटून राहिलंय."

"किती पडले?"

"पाच."

पाच अधिक दोन, सात. एकाने गेली.

तिने बाईला लगेच मारलं नाही. तिसरा बोल्टही लावू दिला. दादाने दोरी ओढली, पुण्याचीने जहाज वळवलं, सगळं झालं, आणि बाई आत आली तेव्हा उरलेली नव्हती. खांब मात्र उभा होता. मैत्रीण हे सगळं माझ्याकडे बघून सांगत होती. तिने काही कमी केलं नाही, काही बदललं नाही.

खाली चौकात कोणाचा तरी हॉर्न अडकून वाजत होता. दादा म्हणाला, "नवीन माणूस काढायचं तर कागद लागेल."

मी पिशवीतला गठ्ठा टेबलावर ठेवला. मागची बाजू कोरी होती. दादाने वरची प्रत उलटी केली, हाताने सपाट केली आणि माझ्यापुढे सरकवली. पुण्याची म्हणाली, "यावेळी वाटाडी कर ना, दोघी मिळून काढू वाट." मैत्रीण तिच्याकडे बघून हसली. मला ते अजूनही लागलं, तितकंच.

"पहिली चार वर्षं," मैत्रीण मला म्हणाली. "जगली का बघू. टाक."

माणूस घडवतानाचे फासे उघडेच असतात. पांढऱ्यावर एक आला, लाल घरंगळत जाऊन डब्याच्या झाकणाला लागला आणि दोनावर थांबला.

"तेरावं," दादा म्हणाला.

मैत्रिणीने ओठ दोन बोटांत दाबले होते. "मेली," ती म्हणाली. "दुसरा कागद घे."

कागद भरपूर होते.